भिडे पुलाच्या वर आणि खाली

सई, माझी भाची, गेली तीन वर्षं नेदरलँड्समधल्या नायमेखन गावी असते. नद्यांच्या नियोजनाचा अभ्यास करते. मे महिन्यात तीन आठवड्यांची सुट्टी काढून आली आणि दुसऱ्याच दिवशी आमरसाची वाटी पुरीने पुसता पुसता म्हणाली, "मावशी, मुठा कुठून येते आणि कुठे जाते, हे सलग कधी बघितलंयस का गं तू?"

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भीमेच्या उपनद्या फळ्यावर डोळे मिटून काढेन. पण सलग बघितलं नव्हतं. पुणेकराला नदी म्हणजे चार-पाच पूल आणि पावसाळ्यात विचारायचा एक प्रश्न: भिडे पूल पाण्याखाली गेला का? 'हो' म्हटलं की चहा टाकायचा आणि बघायला जायचं.

आई ८३ वर्षांची आहे. आमचा बेत ऐकून म्हणाली, "नदी बघायला जाताय? जा. एकसष्ट साली नदीच आम्हाला बघायला आली होती."

पहिला दिवस: खडकवासला, पानशेत

सकाळी साडेसहाला माझी जुनी गाडी काढली. सिंहगड रस्त्यावर एवढ्या लवकर निघण्याचं कारण पुणेकराला सांगावं लागत नाही. नांदेड गाव, किरकटवाडी मागे पडलं. २०२५च्या जानेवारीत याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडत होते. हातापायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, आणि संशयाची सुई विहिरीच्या पाण्याकडे वळली होती. धरण डोळ्यांसमोर असलेल्या गावांना प्यायच्या पाण्याची भीती वाटावी, हे काही मला शांतपणे घेता येत नाही.

खडकवासल्याला चौपाटीवर कणसंवाले अजून शेगड्या पेटवत होते. धरण आटलेलं. हंड्याला आतून क्षाराच्या रेघा पडतात, तशा काठावर एकाखाली एक रेघा. सईला आकडे हवे होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांत मिळून जेमतेम २९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरांहून जास्त. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातला खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. शहराच्या डोक्याशी असलेलं धरण चौघांत सर्वांत लहान. घाटात जोराचा पाऊस झाला की वरच्या तिघांचं पाणी याच्यातूनच पुढे सोडावं लागतं. टेमघरची गंमत वेगळीच. २०१६ साली त्याच्या भिंतीतून पाण्याच्या धारा लागलेल्या साऱ्या महाराष्ट्राने बघितल्या, मग भिंतीत सिमेंट भरण्याचं काम काढावं लागलं.

पानशेतला नऊच्या सुमारास पोहोचलो. ही आंबी नदी. मातीचं धरण. आता गवत वाढलेल्या त्या उताराकडे बघून काही झालं होतं असं वाटत नाही. १९६१च्या पावसाळ्याआधी बांधकाम घाईने वर चढवलं होतं. पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीचं काम अर्धवट राहिलं होतं. त्यात पाणी भरत गेलं, मोरीला हादरे बसू लागले आणि वरचा भराव खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळलं आणि तेही गेलं. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा बुडाल्या होत्या.

आई तेव्हा १९ वर्षांची. शनिवार पेठेत वाडा, ओंकारेश्वरापासून हाकेच्या अंतरावर. घरातले सगळे नेसत्या कपड्यांनी पर्वतीवर गेले म्हणून वाचले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा बळदातला गहू आंबून त्याचा वास सुटला होता, आणि अंगणातल्या चिखलात भांडीच भांडी. आपली नव्हेत, दुसऱ्यांची. तेव्हा भांड्यांवर नावं घालून घेत. माझ्या आजीने एकेक भांडं घासून, नाव वाचून, माणूस शोधून परत केलं. एका तांब्याच्या गडूचा धनी मात्र सापडला नाही. तो गडू आजही आमच्या देवघरात आहे. त्यावरची अक्षरं घासून घासून पुसली गेलीत, 'सौ. काशी' एवढंच लागतं.

सईने ही गोष्ट तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या तोंडून दहादा ऐकलेली. तरी धरणाच्या काठावर ती गप्प बसून राहिली होती. येताना एका घरगुती खाणावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. ठेचा इतका तिखट की नायमेखनच्या बाईने दोन तांबे ताक संपवलं.

दुसरा दिवस: विठ्ठलवाडी ते संगम

आज गाडी नाही, चालत. विठ्ठलवाडीच्या देवळात नमस्कार करून एकतानगरीत गेलो. २५ जुलै २०२४च्या पहाटे इथे पाणी शिरलं. आदल्या रात्री धरणक्षेत्रात आणि शहरात धो धो पाऊस, धरण भरलेलं, आणि खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग. शाळेत मी क्युसेक शिकवायचे तेव्हा मुलांचे चेहरे कोरे असायचे. सोपं करून सांगायचं तर हे सेकंदाला दहा लाख लिटरच्या जवळपास झालं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत शंभर टँकर.

तळमजल्यावर राहणारे एक काका फाटकाशी भेटले. "पहाटे गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले," ते म्हणाले. "मला वाटलं चोर आहे. काठी घेऊन जिन्यात आलो तर पाणी गुडघ्याला." पार्किंगच्या भिंतीवर त्यांनी बोट ठेवलं तिथे रंग लावल्यावरही ओल दिसत होती. त्यांचा सगळा राग पाणी सोडणाऱ्यांवर. रात्रीच सांगायला हवं होतं की नाही? सांगायलाच हवं होतं.

सईने त्यांना विचारलं, "काका, घर घेताना पूररेषा दाखवली होती का?"

काका हसले. "दोन असतात ना? निळी आणि लाल. आम्ही पार्किंगमधली पिवळी बघून घेतलं."

निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नदीचं अंगण, तिथे बांधकाम नको. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर अटी पाळून. नियम असा आहे. आम्ही पात्रातून चालत गेलो तेव्हा मात्र राडारोड्याचे ढीग, पार्किंग, नदीपात्रातला रस्ता आणि मेट्रोचे खांब बघत गेलो. राडारोडा हा तर पुण्याचा भूस्तर म्हणावा असा झालाय. कुणाचं तरी जुनं स्वयंपाकघर, टाइल्सची नक्षी अजून शाबूत, मुठेच्या कडेला पडलेलं.

म्हात्रे पुलाजवळ सावलीत बसून सईने तिच्या गावची गोष्ट सांगितली. नायमेखनला वाल नदी एका तीव्र वळणावर अरुंद होते. १९९५ साली तिथल्या नद्यांना एवढं पाणी आलं की अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. नदीकाठचे बंध टिकले. बंध अजून उंच करण्याची शेकडो वर्षांची सवय त्या देशाला होती, पण या वेळी त्यांनी उलट केलं. समोरच्या लेंट गावाकडचा बंध ३५० मीटर मागे नेला, नदीला जोडवाहिनी खोदून दिली, मधे बेट राहिलं. पन्नासएक घरं हलवावी लागली. आता उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात.

"पन्नास घरं," मी म्हटलं. "आपल्याकडे एका गल्लीत तेवढी असतात. आणि हलवायचं कुठे? पानशेतच्या पूरग्रस्तांना गोखलेनगर दिलं, कारण तेव्हा गोखलेनगर म्हणजे मोकळा माळ होता. आज माळ दाखव मला."

तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, पण शिक्षिकेला समोरच्याकडे उत्तर नसलं की जरा बरं वाटतं.

एवढं मात्र तिने माझ्या डोक्यात घातलं. गेली साठ वर्षं आम्ही 'वरून किती सोडलं' एवढंच विचारतो. 'खाली जागा किती ठेवली' हे विचारत नाही. आणि वरून धरण नसलं तरी काय होतं ते २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याने दाखवलं. कात्रजकडून येणारा हा ओढा. त्याच्यावर पेशवाईत तळी बांधली, प्रवाह वळवला, पुढे भिंती घालून आवळला. त्या रात्री दोन-तीन तासांच्या पावसात अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दत्तवाडी या भागांतून तो असा गेला की पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तिथे विसर्ग नव्हता, कुणी अधिकारी कळ दाबत नव्हता. शिव्या द्यायला कुणीच नाही म्हणून की काय, त्या रात्रीची आठवण फारशी काढली जात नाही.

भिडे पूल कोरडा ठणठणीत. खाली काळं पाणी आणि त्यावर जलपर्णी. ओंकारेश्वरापाशी आजीच्या वाड्याची जागा सईला दाखवली. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

उन्हं कलल्यावर शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'समोर उभ्या राहिलो. हवामान खात्याची ही दगडी इमारत. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं आणि नाव मात्र चिकटूनच राहिलं. 'पुणे वेधशाळेचा अंदाज' हा आमच्या लहानपणी विनोदाचा विषय. छत्री नको म्हणाले की छत्री घ्या! पण पावसाचं वागणं बदलतंय हे याच शहरात बसून मोजलं गेलं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, आणि त्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारा अतितीव्र पाऊस तिप्पट झाला. एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणारे वारे मधूनच बाष्पाचा लोंढा आणून ओततात. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे तर मीही शिकवलंय. फक्त तेव्हा ते पुस्तकातल्या चौकटीत होतं आणि परीक्षेला दोन मार्कांना यायचं.

तिसरा दिवस: बंडगार्डन, मुंढवा

पाय दुखत होते, म्हणून अर्धाच दिवस. संगमाच्या खाली मुळा-मुठा. बंडगार्डनजवळ नदीकाठ सुधारणेचं काम झालेलं, पायऱ्या, दगडी बांध, फिरायला रस्ता. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून ४४ किलोमीटर पट्ट्याचा काठ असा व्हायचा आहे. नदीप्रेमी म्हणतात पात्र आवळलं जाईल, झाडं जातील. पालिका म्हणते पूरपातळी वाढणार नाही. सईने बांधाचा उतार डोळ्यांनी मोजला आणि "हं" म्हणाली. मला काठ आवडला, हे कबूल करते. वास आला नसता तर अजून आवडला असता.

मुंढव्याला जॅकवेल आहे. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी इथून उचलून जुन्या कालव्यात टाकायचं, म्हणजे दौंड-इंदापूरच्या शेतीला ते मिळेल आणि धरणातलं तेवढं पाणी वाचेल. कल्पना उत्तम. प्रक्रिया किती होते यावर सगळं अवलंबून, आणि कालव्यावरचा पांढरा फेस बघितल्यावर आम्ही तो विषय वाढवला नाही. उरुळी देवाचीचा कचरा डेपो बघायचा बेत रद्द केला. घरी आलो तर आमची कचरा नेणारी बाई दारात. १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा तिची सासू त्यात होती, ही स्वतः कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेची सभासद. सईने तिला प्लास्टिकचे भाव विचारले आणि पाऊण तास दोघी जिन्यात बसून राहिल्या. तिचं म्हणणं एकच: "ओला वेगळा द्या, बाकीचं आम्ही बघतो. पण तुम्ही शिकलेली माणसं ओल्यातच काच टाकता."

चौथा दिवस: माळीण

हे आईला सांगितलं नव्हतं. पहाटे पाचला निघालो. चाकणची वाहतूक कोंडी सहाच्या आत पार केली, मंचरला मिसळ खाल्ली आणि डावीकडे घोडेगावच्या रस्त्याला लागलो. पुढे घोड नदीवरचं डिंभे धरण. हुतात्मा बाबू गेनू सागर हे त्याचं नाव, कारण बाबू गेनू याच तालुक्यातले. धरणाच्या कडेकडेने रस्ता आत आत जातो. डोंगर अंगावर येतात. मे असल्याने सगळं तपकिरी, मधे हिरड्याची झाडं तेवढी हिरवी.

३० जुलै २०१४च्या सकाळी या गावावर डोंगर खाली आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या रस्त्याने गाडी घेऊन आला तर जिथे गाव असायचं तिथे चिखल. त्याने मागे फिरून खबर दिली.

स्मारकाशी आम्ही दोघीच. नावांची यादी वाचायला सुरुवात केली आणि एकाच आडनावाच्या ओळीमागून ओळी आल्यावर थांबले. वर्गात हजेरी घेताना एका गावची मुलं लागोपाठ यायची, तसं.

जवळच एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसले होते. महादेव कोळी. सईने 'पडकई'बद्दल विचारलं. डोंगरउतारावर भातखाचरं काढायची इथली जुनी पद्धत. पाच-दहा घरांनी मिळून एकमेकांच्या रानात राबायचं, दगडाचे बांध हाताने रचायचे, पाण्याला वाट ठेवायची. दुर्घटनेनंतर बऱ्याच जणांनी उतारावर यंत्रं लावून केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं होतं. बाबा म्हणाले, "हाताची पडकई डोंगराला ठावं असती, बाय. दगूड कुठं काढायचा, कुठं न्हाई, त्ये हाताला कळतं. जेसीबीला काय कळतंय?" मग थोडं थांबून, "पर पाऊसबी तसा पयला नव्हता पडत." दोन्ही कारणं त्यांनी एका दमात सांगितली. आमच्याकडे यावर परिसंवाद होतात आणि प्रत्येक वक्ता एकच कारण घेऊन येतो.

नवं माळीण थोड्या अंतरावर आमडे इथे वसवलंय. २०१७ साली घरं मिळाली. ओळीत, नीट, शहरातल्या कॉलनीसारखी. पहिल्याच पावसात तिथेही भराव खचून रस्त्याला भेगा गेल्या होत्या. कामं पुन्हा करावी लागली.

परतीच्या वाटेवर मी दरडींच्या तारखा मोजत होते. शिकवण्याची खोड, दुसरं काय. २०२१च्या जुलैत महाडजवळचं तळिये. २०२३च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. आणि २०२४ साली केरळातलं वायनाड, तेही ३० जुलै, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी. पश्चिम घाट कसा जपायचा यावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा. माळीणच्याही तीन वर्षं आधीचा. पुण्याच्याच माणसाने लिहिलेला. त्यावर पुण्यात मी ऐकलेली बहुतेक चर्चा, 'मग आमचं लोणावळ्याचं प्लॉटिंग होणार की नाही' एवढीच होती.

सई गाडीत एकच वाक्य बोलली: "ही घोडसुद्धा भीमेलाच मिळते ना?" हो. म्हणजे हेही पाणी उजनीलाच.

पाचवा दिवस: भिगवण, उजनी

सोलापूर रस्ता. हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस. पाटसला चहा. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव जातं. पाणी मात्र जात नाही.

कुंभारगावला होडीवाला तयारच होता. रोहित पक्षी बरेचसे निघून गेले होते, तरी शंभर-दीडशे असावेत, उथळ पाण्यात माना घालून. होडी हळूहळू पुढे. पाणी हिरवं. हिरवं म्हणजे कवितेतलं नव्हे, पोपटी रंगाचा डबा सांडावा तसं. शेवाळ. वरून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद त्याला खत म्हणून मिळतं. सईने बाटलीत थोडं भरून घेतलं.

"पुण्याचं पाणी हाये मॅडम," होडीवाला म्हणाला. "तिकडं पाऊस झाला की आमचं धरण भरतं. आमच्यात कुठं पडतोय पाऊस."

"आणि पाऊस नसतो तेव्हा?"

"तवा तुमच्या आंघोळी." तो मनापासून हसला. आम्हीही हसलो, पण जरा उशिरा.

त्याचे आजोबा शेतकरी होते. १९८० साली धरण झालं, जमीन पाण्यात गेली, आणि पुढची पिढी मासेमारीत आली. पूर्वी नदीत मिळायचे ते मासे आता जाळ्यात क्वचितच, त्याऐवजी चिलापी आणि मांगूर. घाण पाण्यात टिकतात तेच राहिले. दुपारी त्याच्याच घरी चिलापीचं कालवण जेवलो. चव झकास होती. मी दोन तुकडे घेतले आणि सईने बाटलीकडे बघत एक.

उजनी हे धरण मला नेहमी भाषेमुळे आवडतं. एकूण साठा ११७ टीएमसी, आमच्या चारही धरणांच्या चौपट. त्यातले ६३ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की धरण शून्यावर येतं आणि त्याच्याही खाली उपसा चालू राहिला की वर्तमानपत्रात येतं 'उजनी उणे २० टक्के'. धरण उण्यात जाऊ शकतं, हे गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सांगायला हवं. तेव्हाच पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं. आम्ही गेलो तेव्हा शिखर आणि मंडपाचे खांब उघडे पडले होते. भोवती भेगाळलेला गाळ, लोक गाड्या लावून फोटो काढत होते. एक बाई नारळ फोडत होती. गावाला देव वर आल्याचा आनंद आणि पाणी खाली गेल्याची धास्ती एकाच महिन्यात असते.

रात्री साडेनवाला घरी. आई जागीच होती. उजनीच्या खाली भीमा पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, हे आईला मी सांगायची गरज नाही. तिने सत्तावीस वाऱ्या केल्यात. शेवटच्या वारीचं तीर्थ त्याच तांब्याच्या गडूत देवघरात आहे, 'सौ. काशी'च्या. रोज सकाळी ती त्यातलं एक पळी तोंडात घालते आणि वरून नळाचं पाणी भरते, म्हणजे गडू कधी रिकामा होत नाही.

सईने पिशवीतून पोपटी पाण्याची बाटली काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने ती परत आत सरकवली.

"काय गं, कसं होतं पाणी?" आईने विचारलं.

"पक्षी खूप होते, आजी," सई म्हणाली.